गिंबल घेतला तरी चालताना शॉट उड्या का मारतो?

प्रश्न एका नवीन पोराचा आहे, गेल्या सीझनपासून लग्नाच्या ऑर्डर घ्यायला लागलाय. थोडक्यात असा: "दादा, सोनी ए७ थ्री कॅमेरा, टॅमरॉनची २८-७५ झूम लेन्स आणि आता आरएस ३ मिनी गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी मोटरवाली मूठ) घेतला. जागेवर उभं राहून पॅन केलं की मस्त येतं, पण नवरीच्या समोर उलटं चालत शॉट घेतला की सगळं वर-खाली उडतं, पार्टीने पण विचारलं. गिंबल खराब आहे का? देऊन टाकून फ्लायकॅम (बिनमोटरचा, वजनांवर तोललेला स्टॅबिलायझर) घेऊ का?"

गिंबल चांगला आहे, देऊन टाकू नकोस. तू त्याच्याकडून जे काम मागतोयस ते तो करतच नाही, आणि हे विकताना कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी २००९ पासून लग्नं करतोय, आधी खांद्यावर कॅमेरा, मग बरीच वर्षं फ्लायकॅम, २०१८ ला रोनिन एस आला तेव्हापासून मोटरवाला गिंबल, त्यामुळे दोन्हीकडची सवय अंगात आहे.

गिंबलला ३ मोटरी असतात. एक कॅमेरा डावी-उजवीकडे वळण्याचं सांभाळते, एक मान वर-खाली होण्याचं आणि एक आडवं कलण्याचं, म्हणजे पॅन, टिल्ट, रोल. आत जायरो आणि अॅक्सेलरोमीटर बसवलेले असतात, कॅमेरा जरा फिरला की त्यांना कळतं आणि मोटर लगेच उलट फिरून तो जागेवर आणते. आता नीट वाच, यातली एकही मोटर कॅमेरा उचलत नाही किंवा खाली घेत नाही. तुझा हात ४ सेंटिमीटर वर गेला तर गिंबलसकट कॅमेरा ४ सेंटिमीटर वर जाणार, फक्त सरळ राहून जाणार. आणि आपण साधं चालतो तेव्हा आपलं सगळं धड प्रत्येक पावलाला साधारण ४-५ सेंटिमीटर वर-खाली होतं, आपल्याला जाणवत नाही कारण डोळे आणि मेंदू ते सांभाळून घेतात, कॅमेऱ्याकडे तसलं काही नाही. जागेवर उभं राहून पॅन चांगला येतो आणि चालताना उडतं ते ह्यामुळेच. फिरणं मोटरीने सांभाळलं, उचलणं तुझ्या पायांवर आलं.

गॅरेट ब्राउन यांनी १९७० च्या दशकात स्टेडीकॅम आणला त्यात अंगावर घालायचं जॅकेट आणि त्याला जोडलेला स्प्रिंगचा हात होता, वर-खाली होणं तो हात खाऊन टाकायचा. आपण जो हातात धरायचा गिंबल घेतो त्यात तो हातच नाहीये. म्हणजे त्या स्प्रिंगच्या हाताचं काम आपल्या गुडघ्यांनी, कमरेने आणि कोपरांनी करायचं.

आता उडणं डोळ्याला किती दिसतं ते कशावर ठरतं ते बघ, कारण इथेच तुझा निम्मा त्रास मिटेल. समज हात ५ सेंटिमीटर वर-खाली झाला. लेन्स २८ वर, म्हणजे सगळ्यात रुंद ठेवली आणि समोर १ मीटरवर काही असेल तर फुल एचडीच्या १०८० ओळींमधे ते साधारण ७५ ओळी सरकतं. तेच ५ मीटरवर असेल तर १५ ओळी. आता लेन्स ७५ वर ने, १ मीटरवरची वस्तू २०० ओळी उडेल आणि ५ मीटरवरची ४०. चालायचं असेल तर लेन्स २८ वर ठेव आणि जवळची वस्तू फ्रेममधून बाहेर काढ. मला खात्री आहे तू नवरीचा चेहरा मोठा यावा म्हणून ५०-६० वर झूम करून चालत असणार आणि बाजूने मांडवाचे खांब, झेंडूच्या माळा, पाहुण्यांची डोकी जवळून जात असणार. अशा शॉटमधे उडणं लपतच नाही. चेहरा मोठा हवा तर झूम करण्यापेक्षा जवळ जा, तसंही २८ वर जवळून घेतलेला चेहरा मांडवाच्या गर्दीत छान उठून दिसतो. पैंजण, पावलं, रांगोळी असले खालून घ्यायचे शॉट पण म्हणूनच अवघड जातात, जमीन एकदम जवळ असते ना, तिथे चालू नकोस, एका जागी बसून हळू वळ.

मग पाय. हे लिहून सांगणं अवघड आहे पण प्रयत्न करतो. गावाकडे विहिरीवरून किंवा टँकरवरून डोक्यावर भरलेले हंडे घेऊन येणाऱ्या बायका कधी नीट बघितल्यायस का, पाणी हिंदकळत नाही. नजर ठेव त्यांच्यावर. गुडघा कधीच पूर्ण ताठ होत नाही, पाऊल छोटं असतं, आणि कंबर खालची हालचाल सगळी पिऊन टाकते, खांद्याच्या वर काही पोचतच नाही. तेच करायचं. गुडघे जरासे वाकवून ठेव, म्हणजे खुर्चीत बसायला निघाला आणि थांबलास इतपत, फार वाकशील तर २ मिनिटांत मांड्या भरून येतील. पाऊल नेहमीच्या निम्मं टाक. पुढे जाताना आधी टाच टेकव मग हळूच तळवा, मग चवडा, असं लोळवत नेल्यासारखं. उलटं चालताना बरोबर उलट, आधी चवडा मागे टेकव आणि मग टाच. एका पायावरचा भार दुसऱ्यावर झटक्यात टाकायचा नाही, ओतायचा. एक पाय वजन घेतोय तोवर दुसरा रिकामा नको. सुरुवातीला फार हळू होईल, होऊ दे, वेग नंतर आपोआप येतो.

हात कसा धरतोस तेही महत्त्वाचं. ए७ थ्रीची बॉडी ६५० ग्रॅम, तुझी टॅमरॉन जुनी असेल तर ५५० ग्रॅम आणि गिंबल स्वतः ७९५ ग्रॅम, म्हणजे हातात २ किलो आहे. २ किलो लांब हात करून धरलं की मिनिटभरात मनगट थरथरतं, गिंबल बारीक थरथर खाऊन टाकेल पण खांदा दमला की हात खाली यायला लागतो आणि शॉट हळूहळू बसतो, ते कुठलीच मोटर सुधारत नाही. कोपरं बरगड्यांना लावून घे, गिंबल पोटाच्या जवळ, दोन्ही हातांनी धर, एक हात मुठीवर आणि दुसरा खाली गिंबलच्या छोट्या ट्रायपॉडच्या पायांना. खांदे सैल सोड. वळायचं असेल तर मनगट नाही फिरवायचं, कमरेतून सगळं धड वळव. श्वास रोखून धरू नकोस, रोखला की १० सेकंदांनी सोडताना छाती खाली येते आणि ते फुटेजमधे दिसतं.

मांडवात आपल्याला चपला काढाव्याच लागतात आणि ते आपल्या फायद्याचं आहे, अनवाणी पायाला कार्पेटखालची वायर, घडी, पायरी सगळं कळतं. जाड सोलच्या बुटात ते कळत नाही. आणि उलटं चालायचं असेल तर मागे माणूस हवाच हवा, हे मी कुणाचंही ऐकून घेणार नाही. माझा असिस्टंट माझ्या बेल्टला मागून धरतो, पाठीवर एक थाप म्हणजे पायरी आली, दोन थापा म्हणजे थांब, डावीकडे ओढलं म्हणजे डावीकडे सरक. बोलायची गरज नाही, नाहीतर आवाज रेकॉर्ड होतो. लाइटवाल्याला आधीच सांगायचं की या रस्त्यावर वायर आडवी टाकू नको, त्याच्याशी सकाळी चहा पिताना गोड बोललेलं संध्याकाळी फार उपयोगी पडतं.

बॅलन्सबद्दल, कारण इथे सगळे घाई करतात. आधी कॅमेऱ्यावर जे जे लागणार ते सगळं लाव. बॅटरी, कार्ड, हूड, फिल्टर, माइक, त्याची वायर, लेन्सचं झाकण काढून, स्क्रीन ज्या कोनात वापरणार त्या कोनात उघडून, मग बॅलन्स सुरू. पॉवर बंद ठेवून एक एक लॉक सोड. पहिल्यांदा टिल्ट, त्यात लेन्स आकाशाकडे करून बघायचं आणि समोर करून बघायचं, दोन्हीत कॅमेरा जिथे सोडशील तिथेच राहिला पाहिजे. मग रोल, मग शेवटी पॅन, त्यासाठी गिंबलची मूठ तिरकी धरायची आणि हात आपोआप फिरतोय का बघायचं. तुझ्या २८-७५ ची नळी झूम केल्यावर पुढे येते, म्हणजे २८ वर केलेला बॅलन्स ७५ वर राहत नाही, पुढचं वजन वाढतं. ज्या फोकल लेंथवर (म्हणजे लेन्सच्या २८ ते ७५ मधल्या ज्या आकड्यावर) चालणार तिथेच बॅलन्स कर आणि मग झूम रिंगला हात लावू नकोस.

हे मी किंमत मोजून शिकलोय. २०१९ च्या एका लग्नात बॅलन्स करून झाल्यावर ऊन लेन्सवर येतंय म्हणून मी हूड लावलं. मोटर बारीक गुणगुणायला लागली, हाताला झिणझिण लागत होती, घाईत म्हटलं चालेल. सीमांतपूजन झालं, गौरीहर झाला, मामा नवरीला घेऊन मांडवाकडे निघाले, सनई सुरू झाली, मी समोरून उलटा निघालो आणि १०-१२ पावलांत गिंबलने मान टाकली. मोटर इतका वेळ ते जास्तीचं वजन ओढत होती, शेवटी तिने काम सोडलं. तो शॉट परत येत नाही, मामा नवरीला दुसऱ्यांदा थोडेच आणणार. दुसऱ्या कॅमेऱ्यावर मागून घेतलेलं होतं म्हणून निभावलं. तेव्हापासून गुणगुण ऐकू आली की मी आहे तिथे थांबतो, १ मिनिट घेतो आणि परत बॅलन्स करतो, मग समोर कोणीही थांबलेलं असू दे. आणि ती गुणगुण कॅमेऱ्यावरच्या माइकमधे पण जाते, मंगलाष्टकांच्या मागे माशी घोंगावल्यासारखी येते.

बॅलन्स बरोबर असूनही गुणगुण येत असेल तर मोटरची ताकद जास्त ठेवली आहेस, ऑटो ट्यून एकदा चालव, म्हणजे गिंबल ती ताकद स्वतः ठरवेल. मोड म्हणशील तर लग्नात चालताना मी पॅन फॉलो वापरतो, त्यात कॅमेरा डावी-उजवीकडे तुझ्यामागे येतो पण टिल्ट आणि रोल जागेवर राहतात, त्यामुळे मान खाली-वर झाली तरी फरक पडत नाही. फॉलोचा वेग कमी ठेव. एक सवय करून घ्यावी लागते, तू वळलास की कॅमेरा जरा उशिरा वळतो आणि तू थांबलास तरी तो थोडा पुढे जाऊन थांबतो, म्हणून वळायला क्षणभर आधी सुरुवात करायची आणि शेवटी शरीर थांबवल्यावर २ सेकंद तसंच धरून ठेवायचं. एडिटिंगला बसल्यावर ती शेवटची २ सेकंदं किती कामाची आहेत ते कळेल.

जोडप्याभोवती गोल फिरायचा शॉट सगळ्यांना हवा असतो आणि तिथे क्षितिज कलतं अशी तक्रार बऱ्याचदा येते. कारण असं की गिंबल 'खाली' कुठे आहे ते जमिनीच्या ओढीवरून ओळखतो, जोरात गोल फिरलं की बाहेरच्या बाजूची ओढ त्यात मिसळते आणि त्याला वाटतं जमीनच तिरकी झाली. गोल मोठा घे, हळू फिर, अर्धा गोलच घे, दोन शॉट जोडता येतात. फिरायच्या आधी क्षणभर स्थिर उभा राहा. आणि महिन्यातून एकदा किंवा एसी हॉलमधून भर उन्हात आल्यावर कलायला लागला तर सपाट टेबलावर ठेवून कॅलिब्रेट करून घे.

तुझ्या ए७ थ्रीमधे बॉडीतच सेन्सर हलवून स्थिर करायची सोय आहे, स्टेडीशॉट, आणि टॅमरॉनमधे स्वतःची काही नाही. गिंबलवर २८ च्या आसपास चालताना मी स्टेडीशॉट बंद करतो, कारण गिंबल एक सांगतो आणि सेन्सर दुसरं, आणि रुंद फ्रेमच्या कोपऱ्यांत जेलीसारखं लवलवतं. मधोमध चेहरा नीट दिसतो म्हणून शूटच्या वेळी लक्षात येत नाही, टीव्हीवर लावलं की मांडवाचे कोपरे डुलताना दिसतात. ५० च्या पुढे उभ्याने शॉट घेत असशील तर चालू ठेव. दोन्ही करून बघ, १० मिनिटांचं काम आहे.

शटरचं पण सांगतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, हॉलमधल्या साध्या ट्यूबा आणि बल्ब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर १/५० आणि ५० फ्रेमला १/१०० ठेवलं की झगमग येत नाही. बाहेर उन्हात शटर वाढवायचा मोह होतो, तसं नको, लेन्सवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लाव, आणि हो, तो लावून मग बॅलन्स. ५० फ्रेमला शूट करून २५ च्या टाइमलाइनवर वेग निम्मा करून टाकलं की चाल संथ दिसते, सेकंदाला २ हिसके असतील तर १ होतो आणि तो पण मऊ वाटतो, म्हणून नवरीच्या एन्ट्रीला माझं हे नेहमीचं आहे. तुझा कॅमेरा ४के मधे ३० फ्रेमच्या वर जात नाही, मग स्लो मोशन फुल एचडीलाच घ्यावं लागेल, त्याला इलाज नाही. वरातीत बँड आणि नाच चालू असेल तर स्लो करू नकोस, ताल गेला की वरातीची मजा गेली.

उरलेलं सॉफ्टवेअरमधे नीट करता येतं का, तर थोडं येतं. प्रीमियरमधलं वॉर्प स्टॅबिलायझर किंवा डाव्हिंचीमधलं स्टॅबिलायझेशन बारीक वर-खाली होणं काढतं, पण त्यासाठी फ्रेम कापतं. एन्ट्री जर स्लो करणार नसशील तर ४के ला घे आणि फायनल फुल एचडी दे, म्हणजे कापायला जागा राहते. पण चालताना आलेला हिसका मोठा असेल तर त्या क्षणाचा धूसरपणा फ्रेममधे तसाच राहतो आणि चित्र स्थिर असूनही मधेच पुसट होतं, आणि जवळचा खांब-लांबची भिंत असा प्रकार असेल तर सगळं रबरासारखं ताणतं. म्हणून ते औषध कमीच घ्यायचं.

आता फ्लायकॅम घेऊ का ते. त्यात मोटर नाही, बॅटरी नाही, वर कॅमेरा, खाली वजनं आणि मधे बेअरिंग. दोरीवरून चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या हातात लांब काठी असते ना, तेच तत्त्व, वजन मधल्या बिंदूपासून लांब पसरवलं की ते चटकन फिरत नाही. बॅलन्सची परीक्षा अशी की दांडी आडवी धरून सोडायची, ती उभी व्हायला २ ते ३ सेकंद लागली पाहिजेत. झटकन खाली आली तर खालचं वजन जास्त आहे, मग थांबल्यावर लंबकासारखी हलत राहील. आजही मला तो आवडतो, त्याच्या शॉटमधे एक तरंगणं असतं ते मोटरला तसं जमत नाही. पण हातात येईपर्यंत मला ४-५ महिने रोजचा सराव लागला, वाऱ्यात तो पतंगासारखा वळतो, आणि स्प्रिंगचा हात नसेल तर वर-खाली होण्याचा प्रश्न तिथे पण थोडा राहतोच. तुझी अडचण पायांची आहे, यंत्र बदलून ती सुटणार नाही. पैसे असतील तर त्यात कॅमेऱ्याची दुसरी बॅटरी आणि चांगला एनडी घे.

अजून एक मनापासून सांगतो, दिवसभर गिंबल हातात ठेवू नकोस. मंगलाष्टका चालू असताना मी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवतो आणि दुसरा हातात साधा. अंतरपाट दूर होतो तो क्षण सेकंदाचा असतो, नवरा-नवरी एकमेकांकडे बघतात, कुणाची आई डोळे पुसते, तिथे लगेच वळावं लागतं आणि गिंबल उशिरा वळतो. कन्यादानाला तर कॅमेरा फिरवूच नये असं माझं मत आहे, बापाचे हात आणि त्यावरून पडणारं पाणी, ते एका जागी उभं राहून बघायचं असतं. गिंबल मामा नवरीला आणतात तेव्हा, मांडव रिकामा असताना सकाळी सजावटीसाठी, वरातीला आणि बाहेर जोडप्याच्या शॉटना. बास. आमच्या एका तासाच्या ट्रॅडिशनल व्हिडिओत गिंबलचे शॉट मोजून ८-१० मिनिटं असतात. आणि प्रत्येक शॉट कुठून कुठे जाणार ते आधी ठरव, नुसतं तरंगत फिरलेलं फुटेज एडिटर कापूनच टाकतो.

प्री-वेडिंगला गडावर किंवा समुद्रावर जाशील तर वाऱ्याचं लक्षात ठेव. वारा लेन्सच्या हूडला धरतो आणि मोटरीला सतत ढकलतो, हूड काढून टाक आणि बॅलन्स परत कर, शक्य असेल तर वाऱ्याकडे पाठ करून तुझ्या अंगाच्या आडोशाला कॅमेरा धर. किनाऱ्यावर गिंबल वाळूत ठेवायचा नाही, बॅगेवर ठेवायचा, मोटरीत एक कण गेला की करकर सुरू होते. संध्याकाळी घरी येऊन कोरड्या फडक्याने पुसून घे, खारा वारा नुसता बसून पण गंज धरतो.

सरावाला घराचा पॅसेज किंवा बिल्डिंगचा व्हरांडा पुरेल. लेन्स २८ वर, दाराची चौकट फ्रेममधे, २० पावलं पुढे आणि २० पावलं मागे, रोज १५ मिनिटं. मग फुटेज कॉम्प्युटरवर लावून चौकटीच्या वरच्या कडेवर बोट ठेव आणि ती बोटापासून किती सरकते ते बघ. पहिल्या दिवशी बोटाच्या वर-खाली उड्या मारेल, साधारण तिसऱ्या आठवड्यात ती कड बोटाखालीच राहायला लागते. तोवर चालायचे शॉट ऑर्डरमधे घेऊ नकोस, उभ्याने घे, त्यात तू आत्ताच चांगला आहेस. आणि २० दिवसांनी तो पॅसेजचा पहिला आणि शेवटचा असे दोन्ही व्हिडिओ मला पाठव, टाच आधी पडतेय का चवडा ते फुटेज बघून सांगता येतं.